पडदा ओढणाऱ्याचे नाव कोणी घ्यायचे?

आंबेडकरी रंगभूमीविषयी आजवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले आणि कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, हा इतिहास आपल्या वक्त्यांना तोंडपाठ आहे. भीमराव कर्डक यांचे जलसे, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा', प्रेमानंद गज्वी यांचे 'घोटभर पाणी', दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा', रामनाथ चव्हाण यांचे 'बामणवाडा' यांवर परिसंवाद झाले, प्रबंध लिहिले गेले. ते व्हायलाच हवे होते. प्रस्थापित समीक्षेने आपल्या नाटकाकडे बराच काळ पाठ फिरविली असताना आपणच आपला इतिहास लिहिला नसता तर तो कोणी लिहिला असता?

परंतु या इतिहासात नाटककार आहे, दिग्दर्शक आहे, नट आहे आणि प्रेक्षकांत बसलेले बाबासाहेब आहेत. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात 'युगयात्रा'चा प्रयोग बाबासाहेबांसमोर झाला आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात ते नाटक पुन्हा झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या प्रयोगांचा रंगमंच कोणी उभारला? दिवे कोणी सांभाळले? नटांचे कपडे कोणी धुतले, कोणी वाळत घातले? हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. आम्हाला तो तसा वाटत नाही. हा प्रश्न श्रमाचा आहे, आणि या देशात श्रमाचा प्रश्न निघाला की जातीचा प्रश्न निघतोच.

आज आपल्या वस्त्यांतून, महाविद्यालयांतून, बँकेच्या आणि रेल्वेच्या कर्मचारी मंडळांतून जे नाटक होते ते हौशी नाटक आहे. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या माणसाला प्रयोगागणिक 'नाईट' मिळते. ती तुटपुंजी असते, आणि २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे नाट्यगृहांना कुलपे लागली तेव्हा तीही बंद होऊन या कामगारांवर कशी पाळी आली हे सर्वांनी पाहिले. पण निदान तेथे कामाला दाम आहे, कामगार म्हणून ओळख आहे. हौशी नाटकात दाम कोणालाच नाही. नटाला नाही, दिग्दर्शकालाही नाही. उलट दिग्दर्शक पदरचे घालतो, पतपेढीचे कर्ज काढतो. म्हणून पडद्यामागच्या पोरांना पैसे का देत नाही, असा भाबडा सवाल आम्ही करणार नाही. नटाला पैशाऐवजी टाळी मिळते, दिग्दर्शकाला नाव मिळते, लेखकाला पुस्तक मिळते. पडद्यामागच्या पोराला काय मिळते, एवढेच विचारायचे आहे.

प्रथम तो करतो काय ते पाहू. कारण नाटक पाहून घरी जाणाऱ्याला याची कल्पना नसते आणि चळवळीतल्या पुढाऱ्याला तर मुळीच नसते. तो येतो तेव्हा रंगमंच तयार असतो आणि जातो तेव्हा तो मोडायचा असतो.

राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू आहे आणि आपल्या कितीतरी संस्थांची नाटके याच स्पर्धेत उभी राहिली. स्पर्धेच्या दिवशी पोरे पहाटे टेम्पो भरतात. लाकडी लेव्हल्स, कापड ताणलेले फ्लॅट, दाराची चौकट, दोन खुर्च्या, माठ, बाबासाहेबांची तसबीर, खिळ्यांचा डबा, सुतळीचे गुंडे. तसबीर कोणी टेम्पोत टाकत नाही, ती एकजण पोटाशी धरून बसतो. नाट्यगृह ठरलेल्या वेळेपुरते ताब्यात मिळते. तेवढ्यात लेव्हल लावायची, ती हलते का ते वर उड्या मारून पाहायचे, फ्लॅटला मागून आधार ठोकायचा, दाराची बिजागरी कुरकुरत असेल तर तेल सोडायचे, नट उभे राहतील तेथे खडूच्या खुणा करायच्या. एकजण शिडीवर चढून दिव्यांना जिलेटिनचे कागद लावतो आणि दुसरा शिडी धरतो. शिडी धरणे हे नाटकातले सर्वांत कमी मानाचे आणि सर्वांत जास्त जबाबदारीचे काम आहे, असे आमचे मत आहे.

मग प्रयोग सुरू होतो. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याच्या समोर एक टेबल असते आणि त्यावर पहिल्या अंकाच्या वस्तू क्रमाने मांडलेल्या असतात. नट अंधारात हात पुढे करतो आणि त्या हातात पत्र पडते, काठी पडते, तांब्या पडतो. चुकून दुसऱ्या अंकातले पत्र पडले तर नाटक संपले. ब्लॅकआऊट झाला की चौघांनी मिळून झोपडी हलवून तेथे कचेरी आणायची असते, अनवाणी, न बोलता, एकमेकांच्या श्वासाच्या अंदाजाने. दिव्यांच्या पाटीवर बसलेल्या पोराला संहितेतले शब्द नव्हे, शब्दांमधले थांबे पाठ असावे लागतात. नटाने वाक्य अर्धवट सोडले तर दिवा घालवायचा की ठेवायचा हे त्याला क्षणात ठरवावे लागते आणि ते बरोबर ठरवले तर कोणाला कळतही नाही. चुकले तरच कळते.

वस्तीतल्या नाटकाची तऱ्हा याहून वेगळी. तेथे नाट्यगृह नसते. पत्र्याच्या पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच होतो, बुद्धविहाराची भिंत मागचा पडदा होते, कोणाच्या तरी घरच्या मीटरवरून वीज घ्यावी लागते आणि ते घर कोणाचे यावरून कमिटीत भांडण होते. (एप्रिल महिन्यात तर साऱ्या महाराष्ट्रातले मंडपवाले आणि ध्वनिक्षेपकवाले आपल्याच मागे असतात, भीमजयंती किती घरांच्या चुली पेटवते याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.) जुन्या पिढीतल्या हौशी मंडळींनी मिठाच्या पाण्याचे डिमर वापरलेले आहेत. चिनीमातीच्या नळकांड्यात मिठाचे पाणी, तळाशी एक पत्रा, वरून तारेला बांधलेला दुसरा पत्रा. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळतो, वर ओढला की मंदावतो. ज्या पाण्याला शिवू दिले जात नव्हते त्याच पाण्यात वीज सोडून आमच्या माणसांनी सूर्योदय आणि सूर्यास्त केले. पण त्याचबरोबर हेही खरे, की ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी, उघड्या तारेशेजारी एक पोरगा अडीच तास बसलेला असे आणि त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसे.

प्रस्तुत लेखकाने उमेदीची काही वर्षे विंगेत काढली आहेत, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगता येते. स्पर्धेचा प्रयोग संपला की प्रेक्षक रंगमंचावर येतात. कोणी नटाला मिठी मारतो, कोणी पुढारी लेखकाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो. नेमक्या त्याच वेळी पडद्यामागची पोरे खिळे उपसत असतात, कारण नाट्यगृह रिकामे करून द्यायचे असते, टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत असतो आणि उशीर झाला तर तो जादा भाडे मागणार असतो. कौतुकाची वेळ आणि मोडण्याची वेळ एकच! त्यांना कोणी मुद्दाम वगळत नाही, कामाची रचनाच त्यांना वगळते. आणि जातिव्यवस्था तरी यापेक्षा वेगळे काय करते? तीसुद्धा एखाद्याला वगळताना, 'आम्ही कोठे वगळले, त्याचे काम तेथे होते म्हणून तो तेथे होता,' असेच म्हणते.

बक्षिसांचेही तेच. राज्य नाट्यस्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला बक्षिसे आहेत हे खरे. पण ती योजणाऱ्याला आहेत. नेपथ्य कागदावर काढणाऱ्याचे नाव पुकारले जाते, ते पाठीवरून आणणाऱ्याचे नाही. योजना करणारे डोके एक आणि वाहणारे हात दुसरे, ही वाटणी आपल्याला नवी आहे काय?

आपली रंगभूमी सुरुवातीपासून अशी नव्हती. सत्यशोधक जलसा घ्या की आंबेडकरी जलसा घ्या, त्यात पडदा नव्हता म्हणून पडद्यामागेही कोणी नव्हते. तमाशाचा गण-गवळणीचा साचा घेऊन त्यातला आशय या मंडळींनी बदलला, हे सर्वांना माहीत आहे. पण साच्याबरोबर कामाची वाटणीही बदलली, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ढोलकी वाजवणारा संवादही म्हणे, सवाल विचारणारा पुढच्या गीताला झीलही धरी. सामान थोडके, आणि ते ज्याचे त्याने वाहायचे. जलसा संपल्यावर त्याच लोकांनी गावकऱ्यांत बसून बाबासाहेबांचा निरोप समजावून सांगायचा. पुढे बंदिस्त नाट्यगृह आले, विजेचे दिवे आले, स्पर्धा आल्या आणि त्यांच्याबरोबर पुढचा आणि मागचा हा भेदही आला. दिवाणखान्याचे नाटक आले की सोफा लागतो. 'वाटा-पळवाटा'सारखे नाटक प्राध्यापकाच्या घरात घडते, आणि ते करायचे तर वस्तीत ज्याच्या घरी सोफा आहे त्याच्याकडून तो मागून आणावा लागतो आणि ज्याच्या घरी तो नाही त्याच्या डोक्यावरून न्यावा लागतो. या नाटकाची थोरवी आम्हाला मान्य आहे. सोफ्याचे वजनही मान्य केले जावे, इतकेच.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पडद्यामागे कोण जातो? 'ज्याला आवड आहे तो जातो,' असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. तालमीच्या पहिल्या दिवशी वाचन होते. हातात संहिता दिली जाते आणि वाचायला सांगितले जाते. जो पोरगा 'पाणी'ला 'पानी' म्हणतो, 'शाळा'ला 'साळा' म्हणतो, त्याला दिग्दर्शक थांबवतो, दुसऱ्यांदा थांबवतो आणि तिसऱ्यांदा म्हणतो, "तू असं कर, तू बॅकस्टेजला थांब." झाली त्याची आवड निश्चित! ब्राह्मणी नाट्यसंस्थेत हे घडले तर आपण अग्रलेख लिहू. पण हे आपल्या संस्थांत घडते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून सुरू झालेल्या तालमीत घडते, आणि ज्या नाटकात दलित पात्राच्या तोंडी 'पानी' हाच शब्द लिहिलेला असतो त्या नाटकाच्या निवडीतही घडते. मग शुद्ध बोलणारा नट महिनाभर मेहनत करून 'पानी' म्हणायला शिकतो आणि ज्याच्या आईच्या तोंडचा तो शब्द आहे तो विंगेत माठ घेऊन उभा राहतो. जांब समर्थसारख्या जालना जिल्ह्यातल्या गावचे शेतकरी कलावंत 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' घेऊन २०१२ पासून महाराष्ट्रभर फिरले आणि त्यांच्या बोलीला पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांनी उभे राहून टाळ्या दिल्या. ती बोली तालमीच्या पहिल्या दिवशीच अशुद्ध ठरवली असती तर ते नाटकच झाले नसते.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. मुलगी अभिनय करणार नसेल तर तिला कपडेपट मिळतो. साड्यांना इस्त्री, बटणे टाचणे, नटांना पाणी आणि मधल्या सुट्टीत चहा. शिडी, डिमर, ध्वनी, हातोडी या गोष्टी तिच्या हाती सहसा जात नाहीत. रात्री उशीर होतो, टेम्पोत मागे बसून यावे लागते, घरचे काय म्हणतील, ही कारणे दिली जातात आणि ती सगळीच खोटी नाहीत. परंतु उशीर कपडेपट सांभाळणारीलाही होतोच! ती कपडे मोजून, घड्या घालून, पेटीला कुलूप लावून सर्वांच्या शेवटी निघते. म्हणजे अडचण वेळेची नसून हातोडीची आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात जातिव्यवस्थेच्या समर्थकांना दिलेले उत्तर येथे आठवावे. जात म्हणजे केवळ श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि त्यातही एकावर एक रचलेली, असा त्यांचा मुद्दा होता. नाटकात श्रमांची विभागणी राहणारच. एकाच वेळी रंगमंचावर बोलता येत नाही आणि पडदाही ओढता येत नाही. पण आज जो पडदा ओढतो त्याने उद्याही तोच ओढायचा, पाच वर्षांनीही तोच ओढायचा, आणि ओढता ओढता त्याने स्वतःला कमी समजायला शिकायचे, हे घडले की श्रमांची विभागणी संपून श्रमिकांची सुरू होते.

'अहो, हे श्रमदान आहे, चळवळीसाठी केलेला त्याग आहे, त्यात कसली मोजदाद?' असे कोणी म्हणेल. त्याग मोजू नये हे आम्हाला पटते. पण मग तो नियम वरपासून लावावा. जयंतीच्या फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात, त्यांतले तीस भावी नगरसेवक असतात आणि दहा त्यांचे मार्गदर्शक. त्यागाची मोजदाद नको असेल तर तो फ्लेक्स आधी उतरवा. नाव नको हे ज्याचे नाव छापून आले आहे त्याने सांगण्यात काय अर्थ?

स्वेच्छेने केलेले काम आणि वेठ यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळणार? महार वतनात गावकीची कामे होती. निरोप पोचविणे, सरकारी टपाल नेणे, मेलेले ढोर ओढणे, चाकरीला रात्रंदिवस हजर राहणे. त्या कामांपैकी कितीतरी कामे गावाच्या उपयोगाचीच होती. वाईट होते ते हे, की त्यांना नकार देता येत नव्हता, ती दुसऱ्यावर सोपविता येत नव्हती आणि करणाऱ्याला त्यांत मान नव्हता. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. याच्या उलट महाड पाहा. १९२७ च्या मार्चमधील परिषदेला प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी जागा दिली. व्यापाऱ्यांनी असहकार केला म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. ते पाणी ज्यांनी भरले, धान्य ज्यांनी वाहिले, मंडपाचे बांबू ज्यांनी रोवले तेही दिवसभर राबलेच. पण तेच लोक ठरावाच्या वेळी मंडपात बसले होते, तेच चवदार तळ्याकडे निघालेल्या मिरवणुकीत चालत होते. हात आणि माणूस तेथे वेगळे केलेले नव्हते. नागपूरच्या धम्मदीक्षेची व्यवस्था करणाऱ्या वामनराव गोडबोले यांचे नाव आज दीक्षेच्या इतिहासातून काढता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. व्यवस्था करणाऱ्याचे नाव घेतल्याने त्या दिवसाची थोरवी तसूभरही कमी झालेली नाही.

आणि म्हणून तालमीतली एक नेहमीची गोष्ट आम्हाला फार खुपते. तालीम संपते, मंडळी गोलात बसतात, नाटकाच्या आशयावर चर्चा सुरू होते. हे पात्र असे का वागते, येथे लेखकाला काय म्हणायचे आहे, बाबासाहेबांची या प्रश्नावर भूमिका काय होती. नेमका तेव्हाच पडद्यामागच्या दोघांना चहा आणायला पाठवले जाते. ते परत येतात तेव्हा चर्चा संपलेली असते. वास्तविक त्या दोघांनी ते नाटक नटांपेक्षा जास्त वेळा ऐकलेले असते. नट स्वतःचे संवाद ऐकतो, विंगेतला पोरगा सगळ्यांचे. प्रॉम्प्टर तर संहितेचा पहिला परीक्षक असतो, नट कोणत्या वाक्याला नेहमी अडखळतो हे त्याला ठाऊक असते आणि ते वाक्यच चुकीचे लिहिले आहे हे पुष्कळदा त्यालाच प्रथम कळते. ज्या दिग्दर्शकांनी त्याला विचारले त्यांची नाटके सुधारली आहेत.

या कामात शिकण्यासारखे किती आहे! वस्तीतला जो पोरगा तीन हंगाम दिव्यांवर बसतो त्याला वायर कोणत्या जाडीची लागते, फ्यूज का उडतो, भार कसा वाटायचा हे कळते. लेव्हल बनवणाऱ्याला सुतारकाम येते, कपडेपट सांभाळणारीला कापडाची पारख येते. आयटीआयला जाणाऱ्या पोरांना हे दोन वर्षांत जितके कळते त्याहून ते कमी नसते. फक्त त्याचा कागद नसतो. संस्थेच्या शिक्क्यानिशी, कोणत्या नाटकाला, किती प्रयोग, कोणते काम केले असा साधा दाखला दिला तर तो पोरगा उद्या व्यावसायिक नाटकाच्या किंवा मंडपवाल्याच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहणार नाही. इतकी वर्षे हा दाखला देण्यापासून आपल्या संस्थांना कोणी अडवले होते?

करायचे म्हटले तर काही अवघड नाही. पहिले वाचन उच्चार पाहण्यासाठी घेऊ नये. दर नाटकाला निदान दोन जणांची अदलाबदल करावी, गेल्या खेपेचा नट यंदा शिडी धरील आणि शिडी धरणारा बोलेल. चहा आळीपाळीने आणावा, दिग्दर्शकानेही. दिव्यांवर बसणाऱ्याला पायाखाली लाकडी फळी, हातात टेस्टर आणि विजेचे काम जाणणारा एखादा प्रौढ माणूस शेजारी, एवढे झाल्याशिवाय पहिली घंटा देऊ नये. स्पर्धेच्या रात्री सामान मोडण्याआधी दहा मिनिटे थांबावे, टेम्पोवाल्याला ते आधीच सांगून ठेवावे आणि सर्वांना, अगदी घंटा देणाऱ्या पोरालाही, पडद्यापुढे उभे करावे.

जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर बहुतेक ठिकाणी मार्चच्या अखेरीस छापखान्यात जातो. कलावंतांच्या नावांखाली चार ओळींची जागा मोकळी सोडायला सांगावी. छापखानेवाला त्याचे जादा पैसे घेत नाही.